दगडाची मोजणी आणि माणसाची

३ ऑगस्ट २०२५ रोजी आंध्र प्रदेशातील बापटला जिल्ह्यात ग्रॅनाइटच्या खाणीत वरून दगड कोसळून सहा मजूर चिरडले गेले. ते सारे पोटासाठी ओडिशातून आलेले होते. त्याच वर्षी १५ नोव्हेंबर रोजी उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात बिल्ली मारकुंडी येथे दगडखाणीचा कडा खचला आणि ढिगारा उपसून अखेर सात प्रेते बाहेर काढावी लागली. त्यापूर्वी मे २०२२ मध्ये तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळच्या खोल खाणीत प्रचंड शिळा घसरून चार मजूर दगावले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मिझोराममध्ये दुपारचे जेवण उरकून कामावर परतलेले बारा मजूर दगडमातीखाली गाडले गेले. प्रांत निराळे, भाषा निराळ्या, दगडाची जातही निराळी; परंतु वृत्तपत्रांत येणारा मजकूर मात्र छापील अर्जासारखा ठरलेला. कडा कोसळला, मरण पावलेले परगावचे, मदत जाहीर, चौकशीचा आदेश. दुसऱ्या आठवड्यात ती बातमी आतील पानावर जाते आणि तिसऱ्या आठवड्यात ती कोणाच्या स्मरणात उरत नाही.

या दुर्घटना दूरच्या आहेत, अशा समजुतीने आमच्या वाचकांनी निश्चिंत होऊ नये. मुंबईच्या कोटातील ज्या इमारतींचा आपण अभिमान बाळगतो, त्या मालाड व कुर्ला येथील दगडाने उभ्या राहिल्या. शहर वाढले तशा खाणी शहराबाहेर ढकलल्या गेल्या. आज वसई, पनवेल, उरणच्या बाजूस जा, की पुण्याहून वाघोलीच्या रस्त्यास लागा. अर्धा कापलेला डोंगर, धुळीने पांढरी झालेली झाडे आणि खडी केंद्राची घरघर आपले स्वागत करते. आपल्या गृहसंस्थेचा स्लॅब, मेट्रोचा खांब, घरासमोरचा काँक्रीटचा रस्ता या सर्वांत तीच खडी आहे. नदीतील वाळू दुर्मीळ झाल्यापासून तर गिलाव्याची वाळूही पुष्कळ ठिकाणी दगड दळूनच होते. सह्याद्रीचा काळा कातळ पहारीने सुटत नाही. त्यास सुरुंग लावावा लागतो. आणि सुरुंग आला की त्याबरोबर त्याचे सर्व धोके आले.

हे धोके कोणते, हे खाणीत काम करणारा प्रत्येक माणूस जाणतो. सुरुंगासाठी भोके पाडणारा मजूर कित्येकदा कमरेस दोर बांधून कड्यावर लोंबकळत असतो. बार उडाल्यानंतर कड्यास अडकून राहिलेले सैल दगड पहारीने पाडून मगच खाली माणसे सोडावयाची, हा अनुभवाने ठरलेला नियम. परंतु डंपर रांगेत उभे असले म्हणजे या कामास वेळ मिळत नाही. एखादा सुरुंग न फुटता राहतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच भोकाजवळ पुन्हा यंत्र लावले जाते. खडी केंद्रावर उघड्या पट्ट्यात सदरा अडकला की त्यामागून हात जातो. जिलेटिनच्या कांड्यांचा साठा कोठे व कसा ठेवला जातो, याची भयानक साक्ष २०२१ साली कर्नाटकाने दिली. २१ जानेवारीच्या रात्री शिवमोग्याजवळ हुणसोडू येथे खडी केंद्रापाशी स्फोटकांनी भरलेले वाहन उडाले, तेव्हा शेजारच्या जिल्ह्यांतील लोक भूकंप झाला असे समजून घराबाहेर धावले. त्यास जेमतेम महिना उलटतो तोच चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात लपविलेल्या कांड्यांची विल्हेवाट लावताना आणखी सहाजण मेले.

याशिवाय एक मरण असे आहे की ज्याचा आवाज होत नाही. दगडाच्या बारीक धुळीतील सिलिका फुप्फुसात बसली की सिलिकोसिस जडतो. तो बरा होत नाही, आणि क्षय त्यास सहज गाठतो. आपला काळा दगड या बाबतीत राजस्थानच्या वालुकाश्मापेक्षा कमी घातक आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु कमी घातक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. शिवाय धुळीने आजारी पडलेला मजूर खाणीवर मरत नाही. तो गावी जाऊन, चार-दोन वर्षे खोकून मरतो, आणि त्याच्या मरणाची नोंद कोणत्याही खाणीच्या खात्यावर पडत नाही.

अशा वेळी दोन उद्गार हटकून ऐकू येतात. एक म्हणजे दैव. दुसरा म्हणजे मजुरांचा निष्काळजीपणा. दोन्हींचा विचार केला पाहिजे. कडा का कोसळतो, यात दैवाचा संबंध अत्यल्प आहे. तो सरळ, भिंतीसारखा कापलेला असतो म्हणून कोसळतो. तळाकडून पोखरला जातो, वरचा भाग पुढे झुकतो, पावसाचे पाणी दगडाच्या सांध्यांत मुरते, आणि जे व्हावयाचे ते होते. हे टाळण्याचा उपाय नवा नाही. धातूखनिजांच्या व दगडाच्या खाणींसाठी १९६१ साली झालेल्या नियमांनीच तो सांगितला होता: कडा पायऱ्यापायऱ्यांनी उतरवावा, पायरीची उंची सामान्यतः सहा मीटरांपेक्षा अधिक नसावी, रुंदी उंचीपेक्षा कमी नसावी, आणि कडा खालून पोखरू नये. सुरुंगाच्या वेळी तीनशे मीटरांच्या परिघात कोणी उघड्यावर असू नये, हेही त्याच नियमांत होते. साठ वर्षांहून अधिक काळ हा शहाणपणा कागदावर उपलब्ध आहे.

मग तो पाळला का जात नाही? खाणमालकांस सरसकट दुष्ट ठरवून हा प्रश्न सुटणार नाही; त्यांच्याही बाजूस थोडे गणित आहे. साधारण साठ मीटर लांब व तितकीच रुंद, म्हणजे एक एकराहूनही थोडी लहान अशी खाण घ्या. ती तीस मीटर खोल न्यावयाची, आणि दर सहा मीटरांवर सहा मीटर रुंदीची पायरी सोडावयाची. प्रत्येक बाजूस चार पायऱ्या, म्हणजे चोवीस मीटर जागा गेली. दोन्ही बाजू मिळून अठ्ठेचाळीस गेल्यावर तळाशी बारा मीटरांचा चौकोन उरला. त्यात यंत्र फिरणार तरी कसे? म्हणून छोट्या पट्ट्याचा धनी पायऱ्या सोडीत नाही, सरळ विहीर खणतो. शेजारचाही तेच करतो, आणि दोघांच्या हद्दीवर दगडाची पातळ भिंत उभी राहते. याचा अर्थ एवढाच की एकेक एकराचे तुकडे खाणीसाठी देणे हीच मुळात चूक आहे. लगतचे पट्टे एकत्र करून एका आराखड्याने खणावेत. पर्यावरणाच्या परवानगीसाठी अशा लगतच्या पट्ट्यांचा समूह मानण्याची तरतूद २०१६ सालीच झाली आहे. झाडापाण्यासाठी जे समूह मानले जातात, ते माणसाच्या जिवासाठी मानावयास कोणती अडचण आहे?

निष्काळजीपणाचेही तसेच. डोक्यावर शिरस्त्राण न घालता दगड फोडणारा मजूर आम्हीही पाहिला आहे. परंतु ज्याची मजुरी ब्रासवर किंवा खेपेवर ठरलेली आहे, त्याला सावधगिरी परवडत नाही. सैल दगड पाडण्यात गेलेला तास त्याच्या पदरच्या पैशांतून जातो. आणि शिरस्त्राण डोक्यावर पडणारी कपची अडवील, कडा नव्हे.

खरा दोष अन्यत्र आहे. खाणपट्टा एकाच्या नावाने, यंत्रे दुसऱ्याची, सुरुंगाचे काम तिसऱ्याकडे, आणि माणसे आणणारा मुकादम चौथाच. अपघात झाला की यांतील प्रत्येकजण पुढच्याकडे बोट दाखवितो. ठेकेदाराच्या मजुराची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते, असे १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यानेच ठरविले होते. परंतु मजूर त्या खाणीत कामास होता, हेच सिद्ध करावयास कागद नसेल तर विधवेने दावा कोणत्या आधारावर लावावा? हजेरीपट नाही, ओळखपत्र नाही, मजुरी रोख. जिवंतपणी जो त्या खाणीत नव्हता, तो मेल्यावर तेथे होता हे सांगणार कोण?

सरकारच्या बाजूसही हीच वाटणी आहे. खाणपट्टा जिल्हाधिकारी देतात. सुरक्षिततेची तपासणी केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे, ज्याचे मुख्यालय दूर धनबादेस. स्फोटकांच्या परवान्यांसाठी आणखी एक केंद्रीय कचेरी, ती सुदैवाने आपल्या नागपुरास. धूळ पाहावयाची ती प्रदूषण नियंत्रण मंडळाने. प्रत्येकाचे क्षेत्र ठरलेले, आणि नेमका कड्याखाली उभा असलेला माणूस या सर्वांच्या हद्दींमधून निसटलेला. १९५२ च्या खाण कायद्याने तर मुरूम, बांधकामाचा दगड, रस्त्याची खडी इत्यादींच्या लहान उघड्या खाणींस बहुतेक कलमांतून सूटच दिली होती; अट अशी की खोली सहा मीटरांच्या आत असावी, माणसे पन्नासांपेक्षा अधिक नसावीत, आणि स्फोटके वापरली जाऊ नयेत. बंधुआ मुक्ती मोर्चाच्या पत्रावरून चाललेल्या प्रकरणात, फरीदाबादकडील दगडखाणींविषयी निर्णय देताना, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८३ मध्येच स्पष्ट केले की जेथे सुरुंग वापरला जातो तेथे ही सूट मिळत नाही. खडी केंद्रावर पाणी फवारा किंवा धूळ खेचणारे यंत्र बसवा, मजुरांस पिण्याचे स्वच्छ पाणी द्या, औषधोपचाराची सोय करा, असेही त्याच निर्णयात बजाविले होते. त्यास चाळीस वर्षे होऊन गेली. आज कोणत्याही खडी केंद्रासमोरून पांढरा सदरा घालून चालत जाऊन पाहावे; निर्णयाची अंमलबजावणी कितपत झाली ते सदराच सांगेल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या असून १९५२ चा खाण कायदा आणि १९२३ चा भरपाईचा कायदा त्यांत सामावले गेले आहेत. नियुक्तिपत्र, वार्षिक वैद्यकीय तपासणी यांची भाषा त्यांत आहे. तिचे आम्ही स्वागत करतो. परंतु ज्या मजुराचे अस्तित्वच कोणी मान्य करीत नाही, त्यास नियुक्तिपत्र कोण देणार?

येथे एक गोष्ट आम्हांस विशेष खटकते. सरकार खाणीकडे पाहत नाही, असे मुळीच नाही. फार बारकाईने पाहते. दगड ब्रासवर मोजला जातो, शंभर घनफुटांचा एक ब्रास, आणि त्यावर स्वामित्वधन आकारले जाते. महाखनिज या प्रणालीवर वाहतुकीचा पास निघाल्याशिवाय डंपर रस्त्यावर येऊ शकत नाही, आणि डंपर कोठे आहे हे उपग्रहावरून कळावे म्हणून त्यावर यंत्र बसविणे सक्तीचे आहे. खाणीतून किती दगड गेला हे ताडून पाहण्यासाठी मोजणीयंत्राने आणि ड्रोनने खड्ड्याचे माप घेतले जाते. परवान्यापेक्षा अधिक उत्खनन आढळले तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमान्वये बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. सार्वजनिक बांधकामाच्या ठेकेदाराने स्वामित्वधन भरल्याच्या पावत्या दाखविल्या नाहीत तर त्याच्या देयकातून रक्कम कापली जाते. महसुलाचे रक्षण करावे, यास आमचा विरोध नाही. ते सरकारचे कर्तव्यच आहे. परंतु जो ड्रोन खड्ड्याचे घनफळ सांगतो, त्याला कड्याची उंची आणि उतार दिसत नाही काय? दिसतो, तो आकडा त्याच नकाशात असतो. तो कोणी मागत नाही, एवढेच.

कायद्याने या दगडास ‘गौण खनिज’ असे नाव दिले आहे. मूळ इंग्रजी शब्दाचा तो भाषांतरकारांनी योजलेला पर्याय, आणि त्याचा अर्थ एवढाच की या खनिजांचे नियमन राज्याकडे आहे. तथापि शब्दांची संगत वाईट असते. खनिज गौण म्हणता म्हणता त्या खनिजावर राबणारा माणूसही कचेरीच्या दृष्टीने गौण झाला. पिढ्यान्‌पिढ्या घण, छिन्नी आणि सुतकी चालविणारा वडार समाज, ज्याने या राज्याचे रस्ते, घाट आणि विहिरी घडविल्या, आज विमुक्त जातींच्या यादीत आहे. त्याच्या जोडीस आता बिहार, झारखंड, ओडिशाचे मजूर खाणीवर दिसतात. मते त्यांची येथे नाहीत. त्यामुळे त्यांच्यासाठी विधानसभेत प्रश्न विचारण्याची घाई कोणास नसते.

आमची मागणी मोठी नाही, आणि तिला नव्या कायद्याची आवश्यकताही नाही. पास देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती आहे, आणि पास थांबला की खाण त्याच दिवशी थांबते, हे सर्व पट्टेदार जाणतात. दंडाच्या नोटिशीस वकील उत्तर देतो. उभ्या डंपरास उत्तर नसते. म्हणून सुरक्षिततेची अट त्या पासाशीच बांधावी. ड्रोनची मोजणी महसूल शाखेबरोबर खाण सुरक्षा महासंचालनालयाकडेही धाडावी, आणि जेथे कडा पायऱ्यांविना दिसेल तेथील पास सुधारणा होईपर्यंत रोखावेत. बांधकाम खात्याने देयक मंजूर करताना स्वामित्वधनाच्या पावतीबरोबर त्या खाणीचा हजेरीपटही पाहावा. खडीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक सरकार स्वतःच आहे, आणि गिऱ्हाइकाला अट घालण्याचा अधिकार असतो. यामुळे खडी महाग होईल, असा आक्षेप येईल. होईल, थोडी होईल. ती वाढ आपल्या सदनिकेच्या किमतीत दिसेल, आणि ती आपण दिली पाहिजे. आजवर ती दुसऱ्याच कोणीतरी भरली आहे.

येत्या पावसाळ्यात भिजलेले कडे पुन्हा सुटू लागतील. त्यापूर्वी पासाच्या अर्जात दोन रकाने वाढवावयाचे आहेत: कड्याची उंची, आणि त्याखाली काम करणाऱ्या माणसांची नावे. जिल्हाधिकाऱ्यांनी मनात आणले तर या आठवड्यात हे होऊ शकते.