दहावीच्या पोराला ताटाचं केंद्र काढता येतं का?

घरात दहावीचं पोर असेल तर आज जेवणं झाली की एवढं करा. धुतलेलं ताट कोऱ्या कागदावर पालथं घाला, कडेनं पेन्सिल फिरवा आणि ताट उचला. पोराला म्हणा, या गोलाचं केंद्र काढून दाखव. पट्टी चालेल, कंपास चालेल. गाईड आणि मोबाईल चालणार नाही.

गेल्या महिन्याभरात मी हा प्रश्न ओळखीच्या पंधराएक पोरापोरींना विचारला. दोघांनी केंद्र काढलं. बाकीच्यांनी अंदाजानं मधोमध टिंब दिलं, नाहीतर "सर, त्रिज्या दिलेली नाही" म्हणून पेन्सिल खाली ठेवली. गंमत म्हणजे हीच पोरं बाह्य बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका फटाफट काढतात. बिंदू जोडला, लंबदुभाजक काढला, मध्यापासून दुसरं वर्तुळ मारलं, झाल्या दोन स्पर्शिका. कागद एकदम स्वच्छ, कंस रेखीव. पण ते दुसरं वर्तुळ कशाला काढलंस रे, असं विचारा. उत्तर ठरलेलं, "क्लासमध्ये असंच सांगितलंय."

अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो आणि स्पर्शिका त्रिज्येला लंब असते. ही दोन वाक्यं एकत्र आली की ते दुसरं वर्तुळ कशासाठी हे कळतं. दोन्ही वाक्यं त्याच पोराला पाठ आहेत. एकमेकांना जोडून बघायला मात्र कुणी सांगितलेलं नाही.

ताटाचं उत्तरही नववीच्या पुस्तकातच आहे. गोलात कुठलीही एक जीवा काढा, तिचा लंबदुभाजक केंद्रातूनच जाणार. दुसरी एक तिरकी जीवा घ्या, तिचाही लंबदुभाजक काढा. दोन्ही जिथं छेदतील ते केंद्र. दोन मिनिटांचं काम.

आता कुणी म्हणेल, पत्रकाराला भूमितीचं काय पडलंय? पडलंय राव, कारण हे कोल्हापूर आहे. इथं फौंड्री आणि लेथवर हजारो घरं चालतात. उद्यमनगरातल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीसमोर तुटलेल्या पुलीचा तुकडा ठेवा आणि म्हणा, अशीच नवीन पाहिजे. पूर्ण गोल नाही, नुसता कमानीचा तुकडा. तो कडेवर तीन खुणा करतो, त्यावरून केंद्र गाठतो आणि मूळ व्यास सांगतो. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच वर्तुळ जातं, हे शाळेतलंच गणित. फ्लँजवर सहा भोकं पाडायची असली तर तोच मिस्त्री डिव्हायडर त्रिज्येएवढा उघडतो आणि गोलावर सहा पावलं टाकतो. सहावं पाऊल बरोब्बर पहिल्या खुणेवर येतं. का येतं? त्रिज्येएवढ्या जीवेनं केंद्राशी समभुज त्रिकोण होतो, कोन ६०चा, आणि सहा साठ तीनशे साठ. शाळा सोडलेल्या माणसाच्या हातात ही भूमिती आहे आणि नव्वद टक्केवाल्याच्या हातात नाही. लाज कुणाला वाटायला पाहिजे?

मी पुस्तकाला दोष देत नाही. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात रचनेच्या पायऱ्यांच्या आधी विश्लेषण दिलंय. ही रचना का चालते ते तिथं लिहिलंय. पण परीक्षेत ते कुणी विचारत नाही. प्रश्न ठरलेला, अमुक सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि स्पर्शिका काढा. आकडे बदलतात, बाकी सगळं तेच. मग क्लासवाले काय करणार? "रचना म्हणजे हातातले मार्क" म्हणतात, विश्लेषणाचं पान उलटतात आणि पायऱ्या घोटून घेतात. जे विचारलं जात नाही ते शिकवलं जात नाही, हा आपल्याकडचा न लिहिलेला जीआर आहे.

"आता सगळं सीएनसीवर होतं, कंपास घेऊन कोण बसतंय" असं सांगणारेही भेटतात. अहो, सीएनसीला केंद्र कुठं आणि भोकं किती व्यासाच्या गोलावर, हे सांगावंच लागतं. मशीन हुकूम पाळतं. हुकूम चुकला तर चुकीची भोकंसुद्धा अगदी अचूक पाडून देतं.

खरी काळजी पुढची आहे. राज्य सरकारनं २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं सीबीएसई पॅटर्न आणायचं जाहीर केलं. तिकडे कोविडनंतर एनसीईआरटीनं ओझं कमी करायच्या नावाखाली पुस्तकं छाटली, तेव्हा नववी आणि दहावीच्या गणितातून रचनांचा धडाच काढून टाकला. सहावीच्या नव्या पुस्तकात रचना पुन्हा आल्या, हे चांगलंच झालं. पण पॅटर्नची नक्कल करताना आपल्या नववी-दहावीच्या रचना गुपचूप गळणार नाहीत, याची हमी कोण देणार? मुलांवरचा ताण घोकण्याचा आहे. त्यावर उपाय म्हणून हातानं करायची गोष्टच काढून टाकायची, हा कुठला न्याय?

याच जिल्ह्यात खिद्रापूरला कोपेश्वराचा स्वर्गमंडप आहे. खांबांचं गोल कडं, वर आभाळाकडे उघडा गोल, खाली त्याच्या समोरासमोर गोल शिळा. शेकडो वर्षांपूर्वी दगडात हे साधणाऱ्यांना केंद्र कुठं असतं ते माहीत होतं. आपण शाळेची सहल तिथं नेतो, सेल्फी काढतो आणि परत येतो. एकाही पोराला म्हणत नाही की हा गोल कसा आखला असेल सांग बघू.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते पोरांना पायऱ्या पाठ करायला लावण्यासाठी नव्हे.

मागणी मोठी नाही. एक, दहावीच्या पेपरात रचनेच्या प्रश्नाला "ही रचना बरोबर का, दोन ओळींत लिहा" एवढं जोडा आणि त्याला गुण द्या. दोन, नववीचं वर्तुळ एकदा तरी मैदानावर दोरी, खुंटी आणि चुना घेऊन शिकवा, खर्च पन्नास रुपये. तीन, नवीन अभ्यासक्रम करताना रचनांना हात लावायचा असेल तर आधी शिक्षकांना आणि आयटीआयच्या निदेशकांना विचारा.

आणि पालकांनो, पोरानं केंद्र काढलं तर थांबू नका. "हेच केंद्र कशावरून?" एवढं विचारा. काय उत्तर आलं ते खाली लिहा. शंभर उत्तरं जमली की ती घेऊन मी शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलापुढे जाऊन बसणार आहे.