फळ्यावरचं उतरवणं थांबवा, गोफणीचा प्रश्न विचारा!

नंदुरबार जिल्ह्यातील पालक, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांच्या सदस्यांनो,

नववीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा 'गतीचे नियम'. व्याख्या फळ्यावर, फळ्यावरून वहीत, वहीतून उत्तरपत्रिकेत, की धडा झाला! पोराच्या डोक्यात आधीपासून काय आहे, हे विचारायचं राहूनच जातं. आमचा आक्षेप तिथेच आहे.

ज्वारीवरची पाखरं हाकणाऱ्या पोराला विचारा: गोफण डोक्यावर गरगर फिरतेय, दगड सुटला. वरून पाहिलं तर त्याची वाट कशी दिसेल? कागदावर काढ. मानसशास्त्रज्ञ मायकल मॅक्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी 1980 साली अमेरिकेत कॉलेजच्या विद्यार्थ्यांना असेच प्रश्न घातले, तेव्हा अनेकांनी वाकडी वाट काढली. भौतिकशास्त्र शिकलेलेही त्यात होते. दगड मात्र सुटताना जिकडे चालला होता तिकडेच सरळ जातो. पाठ केलेला नियम जुन्या समजुतीला धक्का लावत नाही, दोन्ही डोक्यात सुखाने नांदतात. आधी अंदाज सांगितला, शेजारच्याशी वाद घातला आणि मग मैदानात दोरीला चिंध्यांचा चेंडू बांधून पाहिलं, तर ती समजूत हलते.

आपला जिल्हा झाला त्याच वर्षी, 1998 मध्ये, अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांनी भौतिकशास्त्र शिकणाऱ्या 6,000 हून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल तपासले. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांपेक्षा चर्चा आणि कृतीच्या वर्गांची प्रगती सरासरी सुमारे दुप्पट निघाली.

"आदिवासी पोरांना विज्ञान झेपत नाही" हे वाक्य आम्हाला मुळीच मान्य नाही. माणसाचं मन एका वेळी थोड्याच गोष्टी पेलतं. घरी पावरी किंवा मावची बोलणारं पोर 'जडत्व', 'असंतुलित बल' या शब्दांशीच झगडत राहिलं, तर विचाराला जागा उरेल कुठून? वाद त्याच्या बोलीत होऊ द्या, पुस्तकी शब्द मागून द्या. 1974 साली सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सुरुवातीच्या काळात आपल्याच खानदेशात, खिरोद्याला काम केलं. विज्ञानाची भाषा मुलांना सोपी हवी, हा आग्रह त्याचे संस्थापक डॉ. व्ही. जी. कुलकर्णी यांनी धरला होता. एवढ्या वर्षांनी आमच्या आश्रमशाळांत पुन्हा उतरवणंच का?

"पोर्शन कधी संपवायचा?" असं शिक्षक विचारतील. त्यांच्यावरचा दबाव खरा आहे, म्हणून मागणी अधिकाऱ्यांकडेही आहे: तपासणीत वह्या किती भरल्या हे पाहू नका, पोरांना प्रश्न विचारा.

पालकांनो, समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडा. आणि आज रात्री घरच्या पोराला गोफणीचा प्रश्न जरूर विचारा.