पिंजरा नेमका कोणाचा?

अर्जुनी मोरगाव तालुक्यात धानाची कापणी आटोपली, की झाडीपट्टीच्या नाटकांचे मांडव पडतात आणि प्रेक्षक पहाटेपर्यंत जागतो. कलावंतिणीच्या प्रेमाची व एका शिक्षकाच्या अधःपाताची कथा सांगणारा व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (१९७२) या प्रेक्षकास आजही आपला वाटावा, यात नवल नाही. राम कदमांचे संगीत, जगदीश खेबुडकरांची गीते, संध्याचे नृत्य आणि डॉ. श्रीराम लागूंनी उभा केलेला गुरुजी यांची मोहिनी पन्नास वर्षांनंतरही ओसरलेली नाही.

परंतु मोहिनी मान्य करणे म्हणजे दोषांकडे डोळेझाक करणे नव्हे. अभिनयातील भडकपणा हा त्या काळाचा म्हणून सोडून देता येईल. विचारातील दोष तसा सोडता येत नाही. गुरुजी घसरतात ते स्वतःच्या मनाने. ठपका मात्र येतो चंद्रकलेवर आणि तिच्या फडावर. तमाशा हे अनेकांच्या पोटाचे साधन आहे आणि त्याला आश्रय देणारे गावच असते, याचा हिशेब येथे जवळजवळ नाही.

झाडीपट्टीत तो हिशेब उघड दिसतो. वडशाच्या नाटक मंडळ्यांवर नटनटी, वादक, नेपथ्यकार यांचे संसार चालतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचाच गौरव झाला. तरीही रात्री जिला टाळ्या दिल्या, तिच्याकडे सकाळी संशयाने पाहण्याची वृत्ती पुरती गेली आहे, असे म्हणवत नाही.

मग ‘पिंजरा’ पुन्हा का पाहावा? कारण त्यातील प्रेम त्याच्या उपदेशाहून मोठे आहे. सूडाने पेटलेली चंद्रकला अखेर मनापासून प्रेम करते. गुरुजी मात्र स्वतःच्याच खुनाची शिक्षा मुकाट्याने पत्करतात, कारण गावाने पूजिलेल्या आदर्शाला तडा जाऊ द्यायचा नाही. चित्रपट याला त्याग म्हणतो. आजच्या प्रेक्षकाला मात्र दिसते ते असे, की जिवंत माणसापेक्षा त्याचा पुतळा गावाला अधिक सोयीचा ठरला.

शिक्षकांनी हा चित्रपट विद्यार्थ्यांसमवेत अवश्य पाहावा. गाण्यांना दाद द्यावी. आणि पिंजरा चंद्रकलेने रचला की गावाच्या प्रतिष्ठेने, हा प्रश्न मात्र वर्गात मोकळेपणाने विचारावा.