अवतार घेणार नाही

आपल्या पोरांना सध्या नवा स्वर्ग दाखवला जातोय. मोबाईलमधला. तिथं म्हणे शरीर नाही, म्हणून जात नाही. कुणीही यावं, कुठलंही तोंड घ्यावं, कुणाशीही दोस्ती करावी. आपल्यातलेच दोन पुस्तकं जास्त वाचलेले दादा सभेत उठून सांगतात, की बाबासाहेबांना हवं ते जातीअंताचं जग या कॉम्प्युटरवाल्यांनी बांधलंय. दादा, तुम्ही तिथं कधी रात्र काढलीय का? मी काढलीय. दिवसभर डॉकात मुकादमाच्या शिव्या खाऊन घाटकोपरला येतो, आणि दहा बाय बाराच्या खोलीत पाचजण झोपल्यावर कानात वायर खुपसून त्या जगात जातो. म्हणून बोलतोय.

आधी शब्दच बघा. पडद्यावरच्या तुमच्या बाहुल्याला म्हणतात ‘अवतार’. 1980 च्या दशकात अमेरिकेत ‘हॅबिटॅट’ नावाचा खेळ निघाला, त्यात हा शब्द बाहुल्याला चिकटला. 1992 मध्ये नील स्टीफन्सनच्या ‘स्नो क्रॅश’ कादंबरीनं तो जगभर नेला. ‘मेटाव्हर्स’ हा शब्दही त्याच कादंबरीतला, आणि फेसबुकवाल्यानं 2021 मध्ये कंपनीचं नावच मेटा करून टाकलं. आता त्या गोऱ्यांना काय ठाऊक, की 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा झाल्या, आणि बुद्ध विष्णूचा अवतार हा खोडसाळ प्रचार आहे, असं लाखो माणसं एका तोंडानं बोलली. आपली माणसं अवतार नाकारून माणूस झाली. आणि आपली पोरं मोबाईल उघडून पहिल्याच पानावर विचारतात, माझा अवतार कुठला?

शब्दाचं सोडा म्हणाल. बरं. मेटानं 2021 च्या डिसेंबरात अमेरिकेत ‘होरायझन वर्ल्ड्स’ नावाचं जग खुलं केलं. तिथल्या माणसांना पायच नव्हते. कमरेवर माणूस, खाली हवा. पाय मिळाले 2023 ला. पुरुषसूक्तानं शूद्राला पायातून काढलं, यांनी पायच उडवले! आणि आपण तर त्या देहातसुद्धा नव्हतो, गावकुसाबाहेर होतो. तांत्रिक अडचण होती म्हणतात. असेल. पण बारा तास पायांवर उभं राहून बोऱ्या उतरवणाऱ्याला त्याचं हसू येणारच.

शरीर नाही म्हणता? मग तिथं बायकांच्या अंगचटीला कोण जात होतं? तक्रारी आल्या, तेव्हा 2022 च्या फेब्रुवारीत मेटाला दोन बाहुल्यांमध्ये चारेक फुटांचं अंतर सक्तीचं करावं लागलं. हे अंतर बाईच्या रक्षणाचं. आपल्या बापजाद्यांपासून राखलेलं अंतर वेगळं, त्याची गल्लत नको. पण मुद्दा घ्या. हाडामांसाचं शरीर नसतानाही पुरुष तिथं पुरुषच राहिला. मग सवर्ण तिथं सवर्ण राहणार नाही, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

एका खेळात चार रात्री एका टोळीशी माझी जमली. गोळ्या झाडायचो, एकमेकांना वाचवायचो, भाई-भाई चाललं होतं. पाचव्या रात्री एकानं विचारलं, “पूर्ण नाव काय रे तुझं?” सांगितलं. थोडा वेळ नुसती खरखर. मग हसत, “म्हणजे कोट्यातला!” सहाव्या रात्री मला टोळीतून काढलेलं. नाव विचारायला शरीर लागत नाही. मोबाईल काय जात धुतो? 2015 ला शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून आपल्या एका पोराला मारून टाकल्याचं पेपरात आलं होतं.

आणि जमीन! तिथं जमिनीला अंत नाही, हवी तेवढी बनवा. तरी प्लॉट पाडले. 2021 ला ‘सँडबॉक्स’ नावाच्या जगात स्नूप डॉग या गायकाच्या शेजारचा प्लॉट कुणीतरी साडेचार लाख डॉलरला घेतला, म्हणजे तीन कोटींहून जास्त रुपये. नुसत्या शेजारासाठी. आमच्या झोपडीचा शेजार कुणी फुकट घेत नाही. आपला दलेर मेहंदीसुद्धा 2022 ला असल्याच एका जगात जमीनदार झाला. साला, हवेतसुद्धा सातबारा!

मालक म्हटला की चावी आलीच. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारनं पबजी बंद केला. त्यात चीनचं राजकारण होतं, ते जाऊ द्या. पण घाटकोपर-मुलुंडच्या चाळीतली किती पोरं रोज रात्री तिथं भेटायची, त्यांना भेटायला नाकाच उरला नाही. दुसऱ्या नावानं 2021 ला आला, 2022 ला परत गेला, 2023 ला परत आला. असला कसला रे नाका, जो वरून उचलता येतो?

तरी पोरींनो, पोरांनो, जाऊ नका असं मी सांगणार नाही. सातनंतर जिला उंबरा ओलांडू देत नाहीत, ती तिथं चार शब्द मोकळे बोलते. ते तिच्याकडून कोण काढून घेणार? माझं भांडण नाव लपवण्याशी आहे. आपल्या वस्तीतला एक पोरगा तिथं ‘शर्मा’ लावून फिरतो. त्याला विचारलं तर म्हणतो, “भाऊ, नायतर कोण घेत नाय.” हा तुमचा जातीअंत, दादा?

6 डिसेंबर 2020 ला साथ होती. चैत्यभूमीला येऊ नका, घरातूनच अभिवादन करा, म्हणाले. आपण ऐकलं, ते योग्यच होतं. साथ सरली, तशी माणसं पुन्हा दादरला आली, चटणी-भाकर बांधून, पोरं खांद्यावर घेऊन. पुस्तकांच्या रांगेत ओळखी झाल्या. 11 जुलै 1997 ला रमाबाई नगरात पुतळ्याची विटंबना झाली, तेव्हाही माणसं हायवेवर शरीरानंच उतरली. गोळीबारात दहा मेली, ती शरीरानंच मेली. त्यांना कुणी दुसरा अवतार दिला नाही.

म्हणून आपल्या मंडळापुढे माझं म्हणणं ठेवतो. जो जो त्या जगात जातो, त्यानं खऱ्या आडनावानं जावं, आणि पहिला शब्द जयभीम बोलावा. कुणी टोळीतून काढलं, तर त्याच दिवशी बाकीच्यांनीही बाहेर पडावं. आणि तिथं जमलेल्या दोस्तांना दर रविवारी वाचनालयात आणावं, पायांसकट. कोण कोण तयार आहे, येत्या बैठकीत हात वर करून सांगा.