एक पायी, एक पालखीत

आमच्या कन्यारत्नाने यंदा कॉलेजात संस्कृत सोडून फ्रेंच घेतले. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. दोन दिवस घरात सुतक असल्यासारखे वातावरण होते. तिसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली.

"बाबा, फ्रेंचमध्ये विषाला 'प्वाझों' म्हणतात आणि औषधाच्या घोटाला 'पोसियों'. दोन्ही म्हणे एकाच लॅटिन शब्दाची पोरं! असं कसं?"

मी चष्मा पुसून घेतला. मूळ शब्दाचा अर्थ नुसता 'पेय'. रोमन शिपायांबरोबर तो गॉल देशी आला, बायाबापड्यांच्या तोंडी शतकानुशतके घोळला, झिजला आणि 'प्वाझों' झाला. लोकांची बोली लॅटिनपासून इतकी दूर गेली, की ८१३ साली तूर येथील धर्मपरिषदेला 'प्रवचने लोकांना कळतील अशा बोलीत करा' असे सांगावे लागले. पुढे पंडितांना शब्द अपुरे पडू लागले. त्यांनी लॅटिन पोथ्या उघडून तेच जुने शब्द कोरे करकरीत उचलून आणले. एक भाऊ पायी आला, दुसरा पालखीतून!

अशा जोड्या फ्रेंचमध्ये पुष्कळ. 'एकूते' म्हणजे ऐकणे. (आपल्या 'ऐकणे'शी साम्य निव्वळ योगायोगाचे, पैज लावू नका. आपला शब्द 'कर्णा'तून आलेला.) त्याचा पोथीतला भाऊ 'ऑस्क्युल्ते' मात्र फक्त डॉक्टरांचा. १८१६ साली पॅरिसच्या लेनेकने कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावली आणि १८१९ साली त्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा या शब्दाला त्याने ग्रंथाच्या नावातच बसविले. 'ओतेल' आणि 'ओपिताल', म्हणजे हॉटेल आणि इस्पितळ, हेही सख्खे भाऊच. मुळात पाहुण्यांची जागा. नोत्र दाम मंदिराशेजारी 'ओतेल-द्यो' अशी पाटी पाहून कोणी जेवायला शिरला, तर त्याची नाडीच तपासतील! ते शहरातले जुने इस्पितळ आहे.

हे सांगता सांगता मी अडखळलो. पंधरा वर्षांपूर्वीची एक उत्तरपत्रिका डोळ्यांसमोर आली. खेड्यातून आलेल्या एका मुलाने निबंधात लिहिले होते, 'त्या साली दुष्काळ पडला आणि आमची गाय गाभण होती.' मी तांबड्या शाईने 'गाभण' खोडून वर 'गर्भिणी' लिहिले, समासात 'ग्राम्य' असा शेरा मारला आणि एक गुण कापला.

मुलगा भेटायला आला. खाली मान घालून म्हणाला, "सर, बाई गर्भिणी असते. गाय गाभणच असते."

"आधी शुद्ध लिहायला शिका," मी म्हणालो.

वास्तविक 'गाभण' हा 'गर्भिणी'चाच पायी आलेला भाऊ, हे मी त्याच वर्षी दुसऱ्या वर्गाला व्युत्पत्तीच्या तासाला शिकवीत होतो! पायी येता येता तो गोठ्यात स्थिरावला आणि तिथले काम दुसऱ्या कोणाला जमेना. क्षेत्र आणि शेत यांचे तेच. क्षेत्राला जाऊन पुण्य मिळते. पण तिथे नांगर धरून पाहा! हे त्या मुलाला नेमके ठाऊक होते, मला नव्हते. त्यानंतर वर्षभर त्याने वर्गात तोंड उघडले नाही.

"मग त्याचा गुण परत दिलात?" कन्येने विचारले.

दुसऱ्या वर्षाच्या हजेरीपटावर त्याचे नाव नव्हते.