रिकाम्या नकाशातील आठ हजार माणसे

१/ लोकसंख्येच्या घनतेचा रंगीत नकाशा आपण सर्वांनीच शालेय पुस्तकात पाहिला आहे. गंगेचे खोरे गडद, थरचे वाळवंट फिके, आणि ईशान्येच्या टोकाला जवळजवळ पांढरा असा एक तुकडा. अरुणाचल प्रदेशातील दिबांग व्हॅली जिल्हा त्या तुकड्यात येतो. आजचा धागा त्या पांढऱ्या रंगाविषयी आहे.

२/ प्रथम आकडे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९,१२९ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या ८,००४. तेव्हाच्या ६४० जिल्ह्यांत ही सर्वांत कमी. देशाची सरासरी घनता ३८२ असताना येथे एका चौरस किलोमीटरच्या वाट्याला पुरता एक माणूसही येत नाही. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे हाच आकडा अजूनही सर्वत्र उद्धृत होतो.

३/ या आकड्यावरून ‘हा प्रदेश रिकामा आहे’ असा निष्कर्ष सहज काढला जातो. माझ्या मते तो चुकीचा आहे, आणि ही चूक निरुपद्रवी नाही. कारण रिकाम्या जागेविषयी निर्णय घेताना कोणाला विचारावे लागत नाही.

४/ आधी भूगोल पाहू. उत्तरेला आणि पूर्वेला तिबेट. द्री आणि माथुन या नद्या अनिनी या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाजवळ एकत्र येतात. पुढे तांगोनसारख्या नद्यांचे पाणी घेत दिबांग मैदानात उतरते आणि ब्रह्मपुत्रेला मिळते. खाली खोल घळी, वर पाच हजार मीटरांच्या आसपासची हिमशिखरे, आणि वर्षाचे कित्येक महिने पाऊस. सपाट जमीन म्हणजे नदीकाठचे काही तुकडे आणि अनिनीसारखी एखादी पठारी जागा.

५/ त्यात भूकंप. १५ ऑगस्ट १९५० रोजी, देश स्वातंत्र्याचा तिसरा वर्धापनदिन साजरा करत असताना, मिश्मी टेकड्यांच्या परिसरात ८.६ तीव्रतेचा धक्का बसला. डोंगरकडे नद्यांत कोसळले, पात्रे तुंबली, गाळाने उंचावली. खाली मैदानातील सदिया हे जुने गाव पुढच्या पुरांनी गिळले. म्हणजे ९,१२९ चौरस किलोमीटरांपैकी घर बांधता येईल अशी जमीन फार थोडी. घनता काढताना मात्र हिमशिखरांनाही भागाकारात धरले जाते.

६/ तरीही केवळ भूगोलाने हा आकडा उलगडत नाही. सिक्कीम पाहा. क्षेत्रफळ ७,०९६ चौरस किलोमीटर, म्हणजे या एका जिल्ह्याहून लहान, तेही हिमालयातच. २०११ मधील लोकसंख्या मात्र सहा लाखांच्या वर. हा फरक इतिहासाने घडवला. सिक्कीममध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिशांच्या प्रोत्साहनाने नेपाळी शेतकऱ्यांची मोठी वसाहत झाली आणि डोंगरउतारांवर पायऱ्यांची शेती पसरली.

७/ दिबांगच्या बाबतीत नेमके उलट घडले. १८७३ च्या बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशनने ‘इनर लाइन’ ही संकल्पना आणली. परवान्याशिवाय पलीकडे जाता येईना. बाहेरच्यांना तेथे जमीन घेता येईना. यामागे डोंगरवासीयांविषयी कळवळा नव्हता. चहामळेवाले, रबर गोळा करणारे आणि हत्ती पकडणारे सरहद्द ओलांडून तंटे उभे करत होते, आणि ते मिटवण्याचा खर्च सरकारला नको होता. हेतू काहीही असो, परिणाम असा झाला की बाहेरची वस्ती येथे आली नाही. ही रेषा आजही लागू आहे.

८/ तिसरे कारण तर अगदी अलीकडचे. १९८० मध्ये लोहित जिल्ह्यातून दिबांग व्हॅली वेगळा झाला. २००१ मध्ये त्याचेही दोन भाग पडले. रोइंगसह मैदानालगतचा प्रदेश ‘लोअर दिबांग व्हॅली’ झाला. २०११ मध्ये त्याची लोकसंख्या ५४,०८० होती. उरलेला डोंगराळ भाग म्हणजे आजचा जिल्हा. ‘भारतातील सर्वांत कमी लोकसंख्येचा जिल्हा’ हा किताब निसर्गाइतकाच एका प्रशासकीय रेघेनेही बहाल केला आहे.

९/ प्रदेश खरोखरच रिकामा असता, तर काय झाले असते? याचा एक प्रयोग इतिहासात होऊन गेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिबेटमधून अनेक कुटुंबे ‘पेमाको’ या पवित्र भूमीच्या शोधात मिपी परिसरात उतरली. तेथे पाऊस होता, अन्नाची ददात होती, आणि आधीपासून राहणाऱ्या मिश्मींशी संघर्ष होता. बहुतेक जण परत गेले. १९१३ मध्ये फ्रेडरिक बेली आणि हेन्री मोर्सहेड हे ब्रिटिश अधिकारी येथूनच तिबेटच्या शोधयात्रेला निघाले, तेव्हा मिपीत मागे राहिलेले मूठभर लोक त्यांना भेटले.

१०/ ती भूमी रिकामी नव्हती. येथील मुख्य समाज इदू मिश्मी. त्यांची गावे म्हणजे विखुरलेली थोडी घरे. फिरती शेती, मिथुन हा अर्धमोकळा चरणारा पशू, शिकार, आणि उंचावर मिळणारी ‘मिश्मी तीता’ ही औषधी मुळी. तिचा व्यापार मैदानापर्यंत चाले. अशा जीवनपद्धतीला जंगल मोठे लागते. कोणता डोंगर आणि कोणती नदी कोणत्या कुळाची, हे परंपरेने ठरलेले असते. सरकारी नकाशात जे पांढरे, ते स्थानिकांच्या लेखी सीमांनी आखलेले आहे.

११/ आणि नावांनीही. तिबेटच्या सीमेजवळ द्रीच्या खोऱ्यात ‘अथू पोपू’ हे इदूंचे पवित्र स्थळ आहे. सिनेरू या आद्य ‘इगू’च्या, म्हणजे पुरोहिताच्या, हाताचा ठसा तेथील शिळेवर आहे आणि मृतांचा आत्मा त्या वाटेने जातो, अशी श्रद्धा. जेथे जनगणनेला एकही माणूस सापडत नाही, तेथे एका समाजाचे सारे पूर्वज आहेत.

१२/ आपल्याकडे या भागाची ओळख असलीच तर एका कथेमुळे. रुक्मिणीचे माहेर म्हणून आपण अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपूर जाणतो. तिकडे रोइंगजवळच्या भीष्मकनगरचे अवशेष तिच्या पित्याची राजधानी म्हणून दाखवले जातात. इदू पुरुषांच्या कापलेल्या केसांचा संबंधही श्रीकृष्णाने रुक्मीला केलेल्या शिक्षेशी जोडतात. अवशेष मध्ययुगीन आहेत, आणि कथेत डोंगराचे किती व मैदानाचे किती हा वेगळा वाद. मला एवढेच जाणवते की ‘ते आपलेच’ म्हणणारी कथा आणि ‘तेथे कोणी नाही’ म्हणणारा आकडा, दोन्ही बाहेरून आलेले आहेत.

१३/ आता वर्तमान. एटालिन येथे द्री आणि तांगोन या नद्यांवर ३,०९७ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प प्रस्तावित आहे. अकराशेहून अधिक हेक्टर वनजमीन आणि अडीच लाखांहून अधिक झाडे त्यात जातील. केंद्रीय वन सल्लागार समितीने डिसेंबर २०२२ मध्ये आहे त्या रूपात त्याला संमती नाकारली. प्रकल्पाचा विचार मात्र संपलेला नाही. अशा प्रकल्पांच्या बाजूने नेहमीचा युक्तिवाद असतो तो विस्थापितांच्या अल्प संख्येचा.

१४/ हा युक्तिवाद उलट बाजूने तपासा. दोन्ही जिल्हे मिळून इदूंची संख्या साधारण बारा हजार. त्यांची भाषा युनेस्कोच्या संकटग्रस्त भाषांच्या यादीत आहे. बांधकामासाठी वर्षानुवर्षे काही हजार मजूर आले, तरी आठ हजारांच्या जिल्ह्याचा चेहरा बदलेल. २०११ मध्येच येथे ४,४१४ पुरुषांमागे ३,५९० स्त्रिया होत्या, म्हणजे हजारी ८१३. सरहद्दीवरील जवान, कर्मचारी आणि रस्त्यावरचे मजूर हे त्याचे उघड कारण दिसते. लहान समाजाला थोडी माणसेही फार होतात.

१५/ संरक्षणाच्या नावानेही हेच घडते. दिबांग वन्यजीव अभयारण्याचे क्षेत्र ४,१४९ चौरस किलोमीटर, म्हणजे जिल्ह्याचा जवळजवळ ४५ टक्के भाग. तेथे वाघ आहेत, आणि ते टिकण्यामागे इदूंची श्रद्धाही आहे: वाघ हा माणसाचा सख्खा भाऊ, त्याला मारणे निषिद्ध. तरीही व्याघ्र प्रकल्पाची चर्चा सुरू झाली तेव्हा अनेक इदूंनी विरोध केला. वाघ त्यांना नकोसा झाला नव्हता. आपल्या जमिनीचा निर्णय आपल्याला वगळून होईल ही त्यांची धास्ती होती.

१६/ दुसरी बाजूही खरी आहे. अनिनीहून रोइंगचे रुग्णालय गाठायला सव्वादोनशे किलोमीटरांचा दरडींचा रस्ता आहे. रस्ता, वीज, रोजगार इदूंनाही हवा आहे, आणि धरणांविषयी त्यांच्यात एकमत नाही. म्हणून ‘त्यांना जसेच्या तसे राहू द्या’ असे मी म्हणत नाही. त्यांची संख्या कमी म्हणून त्यांचे मत हलके धरू नये, एवढेच म्हणणे आहे.

१७/ कारण ही संख्या लहान राहिली ती बाहेरची वस्ती रोखणाऱ्या कायद्यामुळे. ज्या रेषेने या समाजाची भूमी राखली, तिच्यामुळे कमी राहिलेला आकडाच आता ती भूमी मागण्यासाठी पुढे केला जातो. पुढची जनगणना होईल, नवा नकाशा येईल, दिबांग बहुधा पुन्हा पांढराच दिसेल. तेव्हा एवढे स्मरणात असू द्या: तो रंग प्रत्येक चौरस किलोमीटरमागे माणसे किती एवढेच सांगतो. ती जमीन कोणाची, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.