पैनगंगेच्या अलीकडचा संघ

हदगावहून नागपूरच्या रस्त्याला लागले की तासाभराच्या आत पैनगंगा ओलांडावी लागते. पलीकडे उमरखेड. दोन्ही तीरांवर कापूस तोच, बोली जवळपास तीच आणि सोयरीक तर पिढ्यान्‌पिढ्यांची. क्रिकेटच्या नकाशावर मात्र ही नदी सरहद्द आहे. उमरखेडचा मुलगा चेंडू चांगला टाकू लागला तर तो विदर्भाचा, हदगावचा मुलगा महाराष्ट्राचा. एका राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन क्रिकेट संघटना असाव्यात की नाहीत, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१८ मध्ये तिघींचेही पूर्ण सदस्यत्व मान्य झाल्याने तो मिटला. सरहद्द कायम राहिली.

या सरहद्दीच्या पलीकडे २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीन वेळा रणजी करंडक गेला. अलीकडे तो १९४०-४१ नंतर एकदाही आलेला नाही. हदगावातला क्रिकेटशौकीन मग तो शाळामास्तर असो, तहसील कचेरीतला कारकून असो की महाविद्यालयाच्या कट्ट्यावरचा विद्यार्थी असो, वैतागलेला आहे तो याच कारणाने. हरण्याची त्याला सवय आहे. दर चार-दोन वर्षांनी ‘नव्या संघाची बांधणी चालू आहे’ हे वाक्य त्याच्या कानी पडते आणि ती बांधणी कुठवर आली हे मात्र त्याला कोणी सांगत नाही, हे त्याचे खरे दुखणे आहे.

महाराष्ट्राचा इतिहास क्षुद्र असता तर हा वैताग निर्माणच झाला नसता. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा हा करंडक जिंकला गेला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या देवधरांनी दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. महाराष्ट्राच्या ६७५ ला मुंबईने ६५० असे उत्तर दिले आणि तरीही तो सामना मुंबईला गमवावा लागला. त्याआधीच्या हंगामात विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या होत्या. पुढे १९४८ च्या डिसेंबरात भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर असताना, म्हणजे ब्रॅडमनच्या ४५२ धावांच्या विक्रमापासून अवघ्या काही फटक्यांवर, काठियावाडच्या संघाने सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी खेळायला मिळाली नाही.

येथे एक गंमत नमूद केली पाहिजे. देवधरांचा संघ करंडक उंचावत होता तेव्हा हदगाव महाराष्ट्राच्या क्रिकेटमध्ये नव्हतेच. नांदेड जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबादच्या संघाने १९३७-३८ मध्ये रणजी करंडक जिंकला होता. म्हणजे हदगावच्या वाट्याला कधी करंडक आलाच असेल, तर तो हैदराबादचा! पुढे १९८६-८७ मध्ये हैदराबादने तो पुन्हा जिंकला, तोवर मराठवाड्याला त्या राज्यातून बाहेर पडून तीस वर्षे झाली होती. भाषावार प्रांतरचनेने मराठवाड्याला आपली माणसे मिळवून दिली. क्रिकेटमध्ये मात्र एक विजयी घर सोडून तो प्रतीक्षा करणाऱ्या घरात आला.

या प्रतीक्षेचे टप्पे ठाऊक असलेल्याला ते पाठ असतात. १९७०-७१ च्या अंतिम सामन्यात समोर मुंबई होती, पण तिचे बिनीचे खेळाडू भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिजला गेलेले. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. सुधीर नाईक यांच्या त्या दुय्यम मुंबईने चंदू बोर्डे यांच्या महाराष्ट्राला ४८ धावांनी हरविले. १९९३ मध्ये लुधियानात पंजाबने अंतिम सामना जिंकून आपला पहिला करंडक मिळविला. त्याच वर्षी देवधर शंभरी ओलांडून गेले. २०१३-१४ मध्ये खालच्या गटातून वर आलेल्या महाराष्ट्राने वानखेडेवर मुंबईला आठ गड्यांनी लोळविले, उपान्त्य फेरीत बंगालला हरविले आणि हैदराबादला झालेल्या अंतिम सामन्यात कर्नाटकापुढे मान तुकविली. त्या हंगामात केदार जाधवने १,२२३ धावा काढल्या. संघात जालन्याचा विजय झोल होता, पैठणचा अंकित बावणे होता. पुढच्या हंगामात उपान्त्य फेरी गाठली गेली. ‘बांधणी झाली’ असे तेव्हा वाटले ते उगाच नव्हे. पण तो संघ पांगला तसा त्या जागी दुसरा उभा राहिला नाही.

यानंतर जे घडले ते महाराष्ट्राच्या क्रिकेटचे दुखणे नेमके दाखविते. २०१६ च्या ऑक्टोबरात वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळे (नाबाद ३५१) आणि बावणे (नाबाद २५८) यांनी ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली. रणजीच्या इतिहासात तोवर एवढी मोठी भागी झालेली नव्हती. दिल्लीने उत्तरादाखल ५९० धावा केल्या, सामना अनिर्णित राहिला आणि त्या हंगामात महाराष्ट्राला बादफेरीही गाठता आली नाही. हजारे, निंबाळकर, कुमार गटात एका डावात नाबाद ४५१ धावा करणारा झोल, गुगळे अशी धावांच्या डोंगरांची ही परंपरा आहे. उत्तर प्रदेशविरुद्ध २०२२ मध्ये एका षटकात सात षटकार मारणारा ऋतुराज गायकवाडही याच परंपरेतला. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने शतक ठोकले आणि सामना सौराष्ट्राने जिंकला. फलंदाज सामना वाचवू शकतो, पण रणजी करंडकासाठी वीस गडी बाद करावे लागतात.

विदर्भाचे यश पाहताना हा मुद्दा अधिक ठळक होतो. वासिम जाफर आणि गणेश सतीश बाहेरून आले, चंद्रकांत पंडित यांच्यासारखा करडा प्रशिक्षक मुंबईहून आला, हे खरे. नंतर करुण नायरही कर्नाटकातून आला. तेव्हा ‘विदर्भाने आपलीच पोरे खेळविली’ असे भाबडे चित्र रंगविण्यात अर्थ नाही. परंतु करंडक जिंकून दिला तो गोलंदाजांनी. २०१७-१८ मध्ये रजनीश गुरबाणीने उपान्त्य फेरीत कर्नाटकाचे बारा गडी बाद केले आणि इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक साधली. पुढच्या वर्षी आदित्य सरवटे आणि २०२४-२५ मध्ये हर्ष दुबे. दुबेचे त्या हंगामातले ६९ बळी हा रणजीचा विक्रम ठरला. २०१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध नाबाद ७३ धावा काढून विदर्भाचा डाव सावरणारा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा, यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याचा. उमरखेडही त्याच जिल्ह्यात येते. पहिले विजेतेपद मिळायला विदर्भाला साठ वर्षे लागली. पण वाट पाहण्याच्या त्या काळात तेथे पाहुण्या खेळाडूंच्या सावलीत घरचे गोलंदाज वाढत होते.

महाराष्ट्रानेही अलीकडे बाहेरची माणसे आणली. २०२४ मध्ये तोच गुरबाणी महाराष्ट्राकडे आला. २०२५-२६ च्या हंगामासाठी मुंबईहून पृथ्वी शॉ आणि केरळकडून खेळणारा जलज सक्सेना असे दोन ताकदीचे खेळाडू दाखल झाले. शॉने चंदीगडविरुद्ध १४१ चेंडूंत द्विशतक झळकावले. पहिल्याच सामन्यात केरळविरुद्ध पाच बाद १८ अशी दैना झाली असता गायकवाड आणि सक्सेना यांनीच डाव सावरला होता. अशा खेळाडूंविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की अडतिसाव्या वर्षी आलेल्या सक्सेनाची जागा चार वर्षांनी कोण घेणार? बांधणी म्हणतात ती या प्रश्नाच्या उत्तराला.

‘बांधणी’ हा शब्द आता अमेरिकन बेसबॉलच्या अर्थाने वापरला जातो, तेव्हा त्या अर्थाकडेही पाहिले पाहिजे. शिकागोच्या कब्ज संघाला १९०८ नंतरचे अजिंक्यपद २०१६ मध्ये मिळाले. त्याआधी, २०१२ मध्ये, तो १६२ पैकी १०१ सामने हरला होता. जाणते खेळाडू देऊन टाकायचे, तरुण गोळा करायचे आणि काही वर्षे हार सोसायची हे तेथील व्यवस्थापनाचे उघड धोरण होते; प्रेक्षकाला आपण कशासाठी हार सोसतो आहोत हे ठाऊक होते. तेथे हे शक्य होते, कारण तळाशी राहिलेल्या संघांना देशभरच्या होतकरू खेळाडूंतून आधी निवड करण्याची संधी मिळते. रणजीत अशी सोय नाही. येथे संघटनेला निवड करता येते ती आपल्या जिल्ह्यांतून. कोकणाचा बराच भाग, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश-नाशिक आणि सबंध मराठवाडा एवढा मुलूख हाताशी असूनही पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राचे क्रिकेट म्हणजे डेक्कन जिमखाना, पी. वाय. सी. आणि पूना क्लब असेच समीकरण राहिले.

मराठवाड्यातून खेळाडू येतच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. झोल व बावणे यांच्यानंतर तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर वेगवान गोलंदाजीच्या बळावर २०२२ च्या युवा विश्वचषक विजेत्या संघात गेला. पण बीडला जन्मलेल्या संजय बांगरची कथाही विसरता येत नाही. कुमार वयात महाराष्ट्राकडून खेळलेला हा अष्टपैलू रणजी खेळला तो रेल्वेकडून, आणि त्याच्या भराच्या काळातच रेल्वेने दोनदा करंडक जिंकला. मराठवाड्याचा खेळाडू स्वतःच्या हिमतीवर वर येतो. त्याला शोधत कोणी हदगाव-किनवटपर्यंत येते, असा अनुभव फार जुना नाही आणि फार दाटही नाही.

येथील क्रिकेट बहुतांशी टेनिसच्या चेंडूचे. पीक निघाल्यावर मोकळ्या रानात स्पर्धा भरतात, बक्षिसे लागतात, रात्री दिव्यांच्या उजेडातही सामने होतात. त्यात चार पावलांच्या धावेवर सणसणीत चेंडू टाकणारी मुले असतात. कातडी चेंडू हातात घ्यायचा तर तो विकत घेण्यापासून अडचण; पॅड, ग्लोव्ह्ज, हेल्मेट यांचा खर्च वेगळा; आणि शिकविणारा हवा. नांदेडला गुरू गोविंदसिंगजींच्या नावाचे स्टेडियम आहे, पण हदगावच्या मुलाला रोज संध्याकाळी तेथे जाऊन रात्री परत येणे परवडणारे नाही. शाळेतला खेळाचा शिक्षक आधी परिपाठ, मग शिष्यवृत्तीचे अर्ज आणि उरलेल्या वेळात कबड्डी सांभाळतो. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा सहा संघांत मराठवाड्याच्या वाट्याला छत्रपती संभाजीनगरचा एक संघ आला आणि सारे सामने गहुंजेच्या मैदानावर झाले. दूरचित्रवाणीवर ते हदगावात पाहिले गेले.

मागणे फार मोठे नाही. करंडक अमुक साली आणून द्या, असे हदगावात कोणी म्हणत नाही. नांदेडला दर हंगामात निदान एक रणजी सामना, तालुक्याच्या गावी मॅटिंगची एक खेळपट्टी व आठवड्यातून दोनदा येणारा प्रशिक्षक, टेनिसच्या स्पर्धांतून गोलंदाज हेरून त्याला वर्षभर कातडी चेंडू पुरविण्याची तजवीज, आणि वर्षअखेरीस कोणत्या जिल्ह्यातली किती मुले कुठल्या वयोगटात खेळली याचा एक जाहीर तक्ता. शेवटची गोष्ट तर पैशाचीही नाही. तो तक्ता छापून आला, की हदगावचा मास्तर तो वर्गाच्या भिंतीवर लावील आणि आपल्या तालुक्यापुढचा आकडा मुलांनाच वाचायला सांगेल. आकडा शून्य असला तरीही.